उन्हाच्या वेळा पाळणारी फुलबाग

पोखर्णीच्या अंगणातला उन्हाळा फाल्गुनाच्या अखेरीसच सुरू होतो. परभणी-परळी लोहमार्गावर, परभणी आणि गंगाखेड यांच्या दरम्यान असलेले हे गाव नृसिंहाच्या मंदिरामुळे ओळखले जाते. रेल्वे स्थानकाचे नावही ‘पोखर्णी नृसिंह’ असेच आहे. गोदावरीच्या खोऱ्यातला हा काळ्या जमिनीचा मुलूख. कापूस, सोयाबीन, तूर यांची शिवारे होळीपर्यंत मोकळी होतात आणि हिरवे म्हणून जे काही उरते ते विहिरीच्या काठी, ओलिताच्या पट्ट्यात किंवा घराच्या अंगणात. मार्च सरता सरता दुपारचा पारा ३८ अंशांच्या आसपास पोचतो, एप्रिलमध्ये चाळिशी ओलांडतो आणि मे महिन्यात ४३-४४ अंशांपर्यंत जातो. वर्षाचा पाऊस साडेआठशे-नऊशे मिलिमीटर असला, तरी त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून गेलेला असतो.

अशा हवेत फुलबाग म्हणजे कशीबशी तग धरलेली चार झाडे, अशी समजूत सहज होते. प्रत्यक्षात चैत्र-वैशाख हा इथल्या बऱ्याच जुन्या फुलझाडांचा खरा बहराचा काळ आहे. शेवंती, डेलिया ही थंडीतली मंडळी मागे पडतात. मोगरा, चाफा, कण्हेर, अबोली, बोगनवेल पुढे येतात. या झाडांचे दिवसाचे वेळापत्रक उन्हाशी जुळलेले असते. कोणी पहाटे उमलते, कोणी भर दुपारी, कोणी दिवस कलल्यावर. कोणती फांदी कोणत्या भिंतीला लावायची, पाणी कधी द्यायचे, फुले कधी तोडायची, हे त्या वेळापत्रकावरून ठरते. ते ओळखणाऱ्या घरात दोन बादल्या पाण्यावरही बाग चालते. न ओळखणाऱ्याच्या घरी नळी दिवसभर सोडूनही पाने करपतात.

पहिला प्रश्न जागेचा. परभणीचा प्रदेश साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर येतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून तिरपा फिरतो, त्यामुळे घराच्या उत्तरेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवू लागतो आणि हीच भिंत सकाळ-संध्याकाळ तापायला लागते. मे महिन्याच्या मध्यावर तर एका दुपारी तो अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेलाच असतो. थोडक्यात, डिसेंबरात सावलीत ठेवलेली कुंडी एप्रिलमध्ये उन्हात आलेली असते आणि घरच्यांच्या ते लक्षातही येत नाही. कुंड्या हलवण्याची खरी वेळ म्हणूनच गुढीपाडव्याच्या आधीची, पाने करपल्यानंतरची नव्हे.

उन्हाळ्यासाठी सगळ्यांत चांगली बाजू पूर्वेची. तिथे सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि बारानंतर घराचीच सावली पडते. जास्वंद, गुलाब, अनंत यांना ती द्यावी. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत ती ऊब बाहेर टाकत राहते. तिथे कण्हेर, बोगनवेल आणि चाफा यांखेरीज फारसे काही सुखाने राहत नाही. पत्र्याच्या छपराजवळची जागा त्याहूनही कठीण, कारण तिथे उष्णता वरून आणि बाजूने अशी दोन्हीकडून येते.

दुसरा प्रश्न मातीचा. काळी जमीन पाणी धरून ठेवते, ही तिची ख्याती खरी आहे. पण वाळली की ती आकसते आणि तिला भेगा पडतात. भेगांमधून आतली ओल हवेत निघून जाते, बारीक मुळ्या तुटतात, आणि वरून घातलेले पाणी मुळांपाशी न थांबता त्याच भेगांतून थेट खाली उतरते. शेतकऱ्यांमध्ये ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे म्हणतात, ते अंगणालाही लागू आहे. आठवड्यातून एकदा आळ्यातली माती खुरप्याने हलकी करून भेगा बुजवल्या आणि वर सोयाबीनचा भुसा, उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला असे चार बोटे जाडीचे आच्छादन घातले, की पाण्याची मोठी बचत होते. परभणीच्या आसपास यातले बरेचसे साहित्य फुकट मिळते. पांढऱ्या खडीचे शोभिवंत थर शहरातल्या बागांतून पाहून इथे पसरले जातात, पण त्यांनी मातीला ना खत मिळते ना भुसभुशीतपणा.

या मातीचा आणखी एक गुण फुलझाडांच्या मुळावर येतो. तिच्यात चुनखडी असते आणि तिचा सामू बहुधा आठच्या आसपास, म्हणजे विम्लतेकडे झुकलेला. अशा जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. अनंताला याचा सर्वाधिक त्रास होतो. मूळचा आम्लधर्मी मातीत वाढणारा हा झुडुपवजा वृक्ष काळ्या रानात लावला की पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि कळ्या उमलण्याआधीच गळतात. घरोघर त्यावर ‘पाणी कमी पडले’ असे निदान होते आणि पाणी वाढवले जाते. आजार त्याने वाढतो. अनंत हवाच असेल तर मोठ्या कुंडीत, तांबडी माती आणि भरपूर पालापाचोळ्याचे खत घालून लावावा, आणि पाने पिवळी दिसू लागताच हिराकसाची सौम्य फवारणी करावी. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर तेही अनंताला मानवत नाही.

फाटकापाशी बहुतेक घरांत बोगनवेल असते. तिची रंगीत ‘फुले’ ही फुले नसून पाने आहेत. त्या तीन कागदी पानांच्या मध्ये जी पांढुरकी, बारीक नळी दिसते ते खरे फूल. ब्राझीलमधून आलेली ही वेल १७६७ मध्ये फिलिबेर कोमेर्सों या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने रिओ द जानेरोजवळ पाहिली आणि ज्या जहाजफेरीत तो होता तिच्या प्रमुखाचे, बोगनव्हिल याचे नाव तिला मिळाले. तिला पाणी जितके जास्त, तितकी हिरवी पाने जास्त आणि रंग कमी. मार्चपासून तिला मुद्दाम ताण द्यायचा असतो. फाटकावर रंग दिसत नसेल तर खत घालण्याआधी पाणी तोडून पाहावे. 

फाटकाच्या दुसऱ्या खांबावर मधुमालती चढवण्याची पद्धत आहे. तिची लांब देठाची फुले संध्याकाळी पांढरी उमलतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतात आणि त्यानंतर लाल. एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात ते यामुळे. पांढऱ्या, सुवासिक अवस्थेत रात्रीचे पतंग येतात. रंग चढल्यावर दिवसा मधमाश्या, फुलपाखरे आणि शिंजीर.

कुंपणाची कण्हेर हे कोरडवाहू बागेतले सर्वांत कणखर झाड. तिची पाने चिवट, वर मेणचट थर असलेली असतात. पानाला श्वास घेण्यासाठी जी सूक्ष्म छिद्रे असतात, ती कण्हेरीत उघड्यावर नसून पानाच्या खालच्या बाजूच्या लहान खळग्यांत, केसांच्या आडोशाला असतात. त्या खळग्यांत दमट हवा साठून राहते, गरम वारा थेट छिद्रांवरून वाहत नाही आणि बाष्प कमी निघते. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत रुक्ष प्रदेशातल्या पानाचा नमुना म्हणून कण्हेरीचेच चित्र दिलेले असते. मात्र तिचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि त्या विषाचा परिणाम थेट हृदयावर होतो. पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, तर तिच्या बियांमुळे अधिकच धोक्याची. मुले त्या बियांनी खेळतात. छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ किंवा शेळ्यांच्या वाटेत टाकू नयेत, कारण हिरवी कण्हेर जनावर सहसा सोडते, पण वाळलेली पाने चाऱ्यात मिसळून पोटात जातात.

पाणी वाचवण्यासाठी चाफ्याने वेगळा मार्ग काढला आहे. पांढरा चाफा थंडीत पाने टाकून देतो. मार्च-एप्रिलमध्ये त्याच्या जाड, पाणी आणि चीक साठवलेल्या उघड्या फांद्यांच्या टोकांवर आधी फुले येतात आणि पाने मागाहून. पानेच नसल्यामुळे ऐन कडक उन्हात त्याचा पाण्याचा खर्च नगण्य असतो. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या बाजूचे हे झाड देवळाच्या आवारात इतके रुजले आहे की त्याला परदेशी म्हटलेले कोणाला पटू नये. सुगंध असूनही त्याच्या फुलात मध नसतो. मधाच्या आशेने आलेला मोठा पतंग फसतो आणि जाता जाता परागीभवन करून जातो. फांदी तोडून आठवडाभर सावलीत चीक सुकू दिला आणि मग जमिनीत खोचली की ती लागते. उन्हाळा हीच त्याची वेळ.

अंगणाच्या मध्यावर वृंदावन. तुळस ही खरे तर पावसाळ्यात जोमाने वाढणारी. उन्हाळ्यात मंजिऱ्या फार धरते, आणि त्या वेळेवर खुडल्या नाहीत तर झाड म्हातारे होते. वैशाखात काही घरांत तिच्यावर गळती लावतात: तळाला बारीक भोक पाडलेले मडके तिवईवर ठेवतात आणि भोकातून सुताच्या वातीने थेंब थेंब पाणी मुळाशी पडत राहते. शंकराच्या पिंडीवरच्या अभिषेकपात्रासारखीच ही सोय. ठिबक सिंचन शेतात येण्याच्या कितीतरी आधीपासून तिचे तत्त्व असे अंगणात होते. वृंदावनाभोवती तगर, सदाफुली आणि जास्वंद लावलेली दिसतात, कारण सकाळच्या पूजेला ती हाताशी लागतात. सदाफुली मादागास्करची. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी तिच्या पानांतून व्हिन्ब्लास्टिन हे द्रव्य वेगळे केले आणि पुढे ते कर्करोगावरचे औषध ठरले. म्हणून ती पाने घरी चावून खाण्याचा उपचार करू नये. औषध म्हणून वापरले जाते ते शुद्ध करून, मोजून.

जास्वंदीचे फूल एका दिवसाचे असते. सकाळी उमलते, संध्याकाळी मिटते. उन्हाळ्यात कळ्या गळण्याची तक्रार हिचीच सर्वाधिक. त्यामागे बहुधा दोन कारणे असतात: आळे एकदा कडक वाळून एकदा तुडुंब भरणे, आणि शेंड्यांवर कापसासारखा चिकटलेला पिठ्या ढेकूण. दुसऱ्या कारणाचा बंदोबस्त पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि पाच टक्के निंबोळी अर्काने होतो. वाळलेल्या निंबोळ्यांची पन्नास ग्रॅम भुकटी रात्रभर थोड्या पाण्यात भिजवायची, सकाळी गाळायची आणि एकूण एक लिटर करून दिवस मावळताना फवारायची. त्यासाठी निंबोळ्या आदल्या पावसाळ्यात वेचून ठेवाव्या लागतात. चैत्रात कडुलिंबाला असतो तो फक्त मोहोर.

जास्वंदीची एक जवळची नातलग परसात भाजी म्हणून उभी असते. भेंडीचे फिकट पिवळे, आत गर्द तांबडा डोळा असलेले फूल शोभेच्या कोणत्याही फुलाइतके देखणे आहे, पण त्याला फुलझाड म्हणून कोणी मोजत नाही. पिवळ्या शिरांच्या विषाणुरोगाला तोंड देणारा ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण परभणीच्याच कृषी विद्यापीठाने दिला. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले हे विद्यापीठ २०१३ पासून वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते.

या सगळ्यात उन्हाळ्याचा राजा मोगरा, आणि त्याच्याविषयी सविस्तर सांगणे भाग आहे. मोगऱ्याची फुले नव्या फुटीवर येतात. जुन्या लाकडावर कळी धरत नाही. म्हणून डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत पाणी तोडून झाडाला विश्रांती द्यावी लागते आणि जानेवारीच्या शेवटी गुडघाभर उंची ठेवून छाटणी करावी लागते. मग आळे खणून शेणखत घालायचे आणि पाणी सुरू करायचे. महिन्याभरात कोवळी फूट येते आणि मार्चमध्ये पहिल्या कळ्या. ज्या घरी ‘आमच्या मोगऱ्याला नुसता पाला आहे’ असे ऐकू येते, तिथे छाटणी राहिलेली असते किंवा झाड दिवसातले निम्मे तास सावलीत असते. मोगऱ्याला मुळाशी ओल आणि माथ्यावर ऊन, दोन्ही लागतात. सहा तासांपेक्षा कमी उन्हात तो वेलीसारखा लांबट वाढतो आणि फुलायचे विसरतो.

मोगऱ्यात प्रकार बरेच. एकेरी पाकळ्यांचा वेलमोगरा, गोल घट्ट कळीचा बटमोगरा, लांब टोकदार पाकळ्यांचा मदनबाण, आणि एका फुलात इतक्या पाकळ्यांचा गच्च प्रकार की फूल पूर्ण उघडतच नाही. वासाला एकेरी आणि मदनबाण वरचढ. गच्च फूल दिसायला भारदस्त पण गजऱ्यात जड. बागेतला मोगरा बहुधा बी धरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तो काडीने आणि दाब कलमानेच एका अंगणातून दुसऱ्या अंगणात गेला आहे, म्हणजे गावातल्या अनेक घरचा मोगरा मुळात एकाच झाडाचा तुकडा असणे शक्य आहे. आशियाभर त्याचा असाच प्रवास झाला. फिलिपिन्सने १९३४ मध्ये त्याला राष्ट्रीय फूल केले. चीनमध्ये त्याच्या कळ्यांच्या थरांत चहा सुगंधित करतात. मदुराईच्या मोगऱ्याला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातल्या जव्हारच्या डोंगरात आदिवासी शेतकरी त्याची शेती करून मुंबईच्या बाजारात कळ्या पाठवतात.

मोगरा उमलतो तो दिवस मावळताना. त्या रात्री उमलायची कळी दुपारीच ओळखता येते: हिरवट झाक जाऊन ती दुधी पांढरी होते आणि फुगते. चार-साडेचारला ती खुडून गजरा ओवला की केसांत माळेपर्यंत ती उमलू लागते. हिरवी कळी तोडली तर ती तशीच सुकते. सुगंध एकाच द्रव्याचा नसतो. बेंझिल ॲसिटेट, लिनॅलूल अशा कितीतरी उडून जाणाऱ्या द्रव्यांचा तो मेळ असतो, आणि त्यात अत्यल्प इंडोलही असते, जे एरवी, जास्त प्रमाणात, दुर्गंधी वाटते. त्या पुसटशा जडपणामुळेच मोगऱ्याचा वास अत्तरातल्या नकलेपेक्षा निराळा लागतो. रात्री उमलणारी, पांढरी, वासाची फुले पतंगांना बोलावतात. अंधारात रंगाचा उपयोग नाही, म्हणून रंगावर खर्च नाही.

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत घरोघर चैत्रगौरीचे हळदीकुंकू चालते. कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेल्या हरभऱ्याची ओटी आणि हातात मोगऱ्याची फुले. हा सण मोगऱ्याच्या पहिल्या जोरदार बहरात पडतो. त्यापुढे वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंह जयंती. पोखर्णीच्या देवाचा हा दिवस. हिरण्यकशिपूला दिवसा आणि रात्री मरण नव्हते, म्हणून नृसिंह सायंकाळी प्रकटला अशी कथा आहे आणि जन्माची पूजाही सूर्यास्ताच्या वेळी होते. मोगऱ्याच्या उमलण्याचीही नेमकी तीच वेळ. पूजेसाठी दुपारीच कळ्या काढून ओल्या फडक्यात ठेवल्या तर त्या आरतीला उमललेल्या मिळतात; सकाळी तोडलेली फुले तोपर्यंत पिवळी पडतात.

गजऱ्यात मोगऱ्याला जोड अबोलीची. अबोलीला वास नाही, पण तिचा केशरी रंग दोन दिवस उतरत नाही आणि उष्णता तिला मानवते. तिची बोंडे वाळली की पाणी लागताच फट्‌कन फुटतात आणि बिया दूर उडतात, म्हणून पहिल्या पावसानंतर तिची रोपे भलत्याच कोपऱ्यात सापडतात. गुलबक्षी दुपारी चारनंतर उमलते आणि सकाळी मिटते. एकाच झुडपावर गुलाबी, पिवळी आणि दोन्ही रंगांचे शिंतोडे असलेली फुले ती धरते. रंगांच्या या खेळामुळे कार्ल कॉरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी तिचा उपयोग केला. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ती बोगनवेलीच्या कुळातली आहे. उलट वेळापत्रक चिनी गुलाबाचे. मांसल पानांत पाणी साठवणारे हे जमिनीलगतचे झाड ऊन चढल्यावर उमलते आणि दुपार उलटली की मिटते. कित्येक घरांत त्याला ‘ऑफिस टाइम’ म्हणतात. बशीएवढ्या कुंडीत, एक दिवसाआड ओंजळभर पाण्यावर तो मे महिना काढतो. नवशिक्याने सुरुवात त्याच्यापासून करावी.

गुलाब मात्र उन्हाळ्यात रुसतो. कलमी गुलाबाची फुले लहान आणि फिकी येतात, पाने कोरडी पडून त्यांच्या खालच्या बाजूला लाल कोळी जाळे विणतो. एप्रिलनंतर त्याच्याकडून फुलांची अपेक्षा सोडावी, कळ्या खुडून झाड सांभाळावे. देशी वासाचा गावठी गुलाब एप्रिलपर्यंत फुलतो आणि त्या पाकळ्यांचा गुलकंद हे या दिवसांतले घरचे काम. फवारणी न केलेल्या पाकळ्या आणि दुप्पट खडीसाखर काचेच्या बरणीत थरावर थर भरतात, तोंडाला फडके बांधतात आणि दोन-तीन आठवडे उन्हात ठेवतात. पश्चिमेच्या ज्या भिंतीपाशी रोप जगत नाही, तीच जागा बरणीला उत्तम.

घराच्या मागे न्हाणीचे पाणी जिथे जाते तिथला कोपरा कोरड्या अंगणातही हिरवागार असतो. कर्दळ, अळू, केळ यांना साबणाचे पाणी थोडेफार चालते. इतर झाडांना ते देऊ नये, कारण साबण-सोड्यातल्या सोडियममुळे काळी माती घट्ट होते आणि पाणी मुरेनासे होते. धुण्याचे शेवटचे, भांडी विसळल्याचे आणि तांदूळ धुतल्याचे पाणी चालते. याच कोपऱ्यात वाळा लावण्याची जुनी रीत. त्याच्या मुळांची जुडी आणि चार मोगऱ्याची फुले माठात टाकली की पाण्याला उन्हाळ्याचा म्हणून ओळखला जाणारा वास येतो.

बागेत येणाऱ्यांपैकी जांभळा शिंजीर या दिवसांत सर्वांत ठळक. नराचा चकचकीत निळा-जांभळा पिसारा विणीच्या हंगामातला, म्हणजे नेमका उन्हाळ्यातला. तारेला किंवा वेलीच्या टोकाला जाळी-काटक्यांचे लोंबते घरटे बांधण्याचे काम मादी करते. शिंपी पक्षी दोन पाने शिवून त्यात घरटे करतो. परभणीच्या आसपास अस्तराला कापूस कमी पडत नाही. म्हणून मे महिन्यात दाट झुडपांची छाटणी करण्याआधी आत डोकावून पाहावे. पाण्याचे पसरट मातीचे भांडे सावलीत ठेवावे आणि त्यात एक दगड टाकावा, म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत.

पाणी देण्याची वेळ पहाटेची, सूर्य वर येण्याआधी. ते जमले नाही तर दिवस मावळून माती निवल्यावर. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले दुपारचे पाणी हाताला चटका देण्याइतके तापते. उन्हात पडलेल्या नळीतले पहिले पाणीही तसेच. ते आधी बादलीत सोडावे. दुपारी दोनला पाने माना टाकतात ती नेहमी तहानेने नव्हे. हवा इतकी कोरडी असते की मुळे जितके पाणी वर पाठवतात त्याहून जास्त पानांतून उडते, आणि सूर्य कलल्यावर पाने आपोआप सावरतात. पहाटेही पाने लोंबत असतील तरच पाणी कमी पडले असे समजावे. काळ्या मातीत दुपारच्या मरगळीला भुलून रोज पाणी ओतले तर हवा न मिळून मुळे कुजतात, आणि कुजलेल्या मुळांचे झाड पुन्हा तहानलेलेच दिसते. जमिनीतल्या झाडांना तीन-चार दिवसांनी भरपूर आणि कुंड्यांना रोज थोडे, हा साधारण हिशेब. गावाला जायचे असेल तर चार-पाच लिटरचे कच्चे मडके झाडाजवळ गळ्यापर्यंत गाडून भरून ठेवावे. दोन-तीन दिवस ते पाझरत राहते. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपते आणि उडते, त्यामुळे तिला पाणी जास्त लागते, पण आतली मुळे थंड राहतात. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत उलट घडते: पाणी टिकते, मुळे शिजतात. अशा कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात आणि बाहेरच्या ओळीला पोत्याचे आवरण द्यावे.

मराठवाड्यात मार्च-एप्रिलची अवकाळी आणि गारपीट आता नवलाची राहिलेली नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट शेतकरी विसरलेले नाहीत. अंगणात गारांनी फाटलेली पाने लगेच छाटू नयेत; उरलेली हिरवी पाने झाडाला उन्हातून न्यायला लागतात. वळवाच्या पहिल्या सरीनंतर मात्र जमिनीखाली झोपलेले कंद जागे होतात. चेंडूसारखे लाल फूल धरणारी मे महिन्यातली लिली पानांच्या आधी दांडा वर काढते, आणि बारीक गुलाबी-पांढरी पावसाळी लिली सरीनंतर चार-पाच दिवसांत उमलते. दोघींना उन्हाळ्यात पाणी घालत राहिले तर कंद सडतात. निशिगंधाचे कंद याच सुमारास, एप्रिल-मे महिन्यात लावतात. त्याला दांडे यायला तीनेक महिने लागतात.

जून उजाडताना मोगऱ्याचा बहर ओसरतो. त्या वेळी जमिनीलगतची एक लांब फांदी वाकवून, मधोमध साल किंचित तासून, मातीत दाबून वर दगड ठेवतात. पावसाच्या ओलीवर दीड-दोन महिन्यांत तिला मुळे फुटतात. श्रावणानंतर ती मूळ झाडापासून कापून शेजारच्या घरी लावायला देता येते, आणि जानेवारीत पहिली छाटणी झाली की पुढच्या चैत्रात तिलाही कळ्या येतात.